जड रॅकेट आणि हाताचं वळण

आमच्या बॅडमिंटन हॉलवर सध्या जड ट्रेनिंग रॅकेटची साथ आलीये. कोणीतरी १२० ग्रॅमची आणतं, कोणी थेट १५० ग्रॅमची, आणि आणली की लगेच कोर्टवर उतरून दणादण स्मॅश मारायला सुरुवात. मग मला विचारतात, ताई तुम्ही पण वापरता ना, फरक पडतो का? पडतो, चांगलाच पडतो. माझा क्लिअर, म्हणजे शटल उंच आणि पार मागे पाठवायचा शॉट, आता मागच्या लाइनवरून समोरच्या मागच्या लाइनपर्यंत आरामात जातो त्यात या रॅकेटचा मोठा वाटा आहे. पण ती शटल मारायची वस्तूच नाही असं माझं ठाम मत आहे, आणि ते कोर्टच्या कडेला उभं राहून दोन मिनिटात सांगता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

आधी वजनाचं बघू. आपली रोजची रॅकेट, गटिंग (तारा) आणि ग्रीप वजनात धरली नाही तर, ८०-९० ग्रॅमच्या आत-बाहेर असते. त्यावर ३यू, ४यू लिहिलेलं असतं ते वजनच, ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम आणि ४यू म्हणजे ८० ते ८४, आकडा वाढला की वजन कमी. आणि शटल? नियमाप्रमाणे ४.७४ ते ५.५० ग्रॅम, बस्स. इतक्या हलक्या वस्तूला लांब पाठवायला जड हत्यार लागत नाही, रॅकेटचं डोकं किती वेगाने शटलवर येतं त्यावर सगळं आहे. २०२३ मधे सात्विकसाईराज रंकीरेड्डीने ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश मारून गिनीजमधे नाव नोंदवलं, ते काही वजन लावलेल्या रॅकेटने नाही. म्हणजे मॅचमधे वेग हवा, तर मग जड रॅकेट कशाला?

तर हात कुठून फिरतो ते कळायला. हलकी रॅकेट सगळं लपवते. नुसत्या मनगटाने झटका दिला, खांदा समोरच ठेवला, ग्रीप तव्यासारखी चपटी धरली, तरी ८५ ग्रॅमची रॅकेट फिरतेच आणि शटल कुठेतरी जातंच, त्यामुळे वर्षानुवर्षं तीच सवय पक्की होत जाते. १२० ग्रॅमची हातात घेऊन तोच शॉट शटलशिवाय हळू करून बघा. खांदा मागे वळवलेला, कोपर वर, रॅकेटचं डोकं पाठीमागे खाली लोंबतंय आणि त्याचा ओढा कोपराच्या आतल्या बाजूला स्पष्ट जाणवतो. आता आधी कंबर आणि खांदा पुढे, मग कोपर पुढे, रॅकेटचं डोकं अजून मागेच, आणि अगदी शेवटी कुलपात किल्ली फिरवावी तसा कोपराखालचा हात आतल्या बाजूला फिरतो. शॉट संपतो तेव्हा उजव्या हाताने खेळणाऱ्याचा तळवा बाहेर उजवीकडे बघत असायला हवा आणि अंगठा खाली. आपण ज्याला मनगटाची ताकद म्हणतो ना, ती बरीचशी या फिरण्यातच असते. क्रम चुकला तर जड रॅकेट लगेच अडते, मनगटात रग लागते, डोकं भलतीकडे पडतं. हलकी रॅकेट हे कधीच सांगत नाही.

जुने लोक यासाठी स्क्वॉशची रॅकेट फिरवायचे, किंवा बॅडमिंटनच्याच रॅकेटला कव्हर चढवून शॅडो, म्हणजे शटलशिवाय नुसता शॉटचा सराव, करायचे. हे कव्हरवालं मला अजूनही फार आवडतं आणि त्यात एक फरक आहे जो फारसा कोणी सांगत नाही. वजन असलं की रॅकेट सुरू करायला जोर लागतो आणि नंतर थांबवायलाही लागतो, आणि थांबवायचं काम खांद्याच्या मागच्या छोट्या छोट्या स्नायूंवर येतं, दुखतं तिथेच. कव्हरमधे हवा अडते, जितकं जोरात फिरवाल तितकी जास्त अडते, पण हात हळू केला की ती हवाच ब्रेक लावते. म्हणून माझं साधं गणित असं की जड रॅकेट हळू, कव्हर घालून जोरात, आणि शेवटी आपली नेहमीची रॅकेट पूर्ण वेगात.

घरच्या घरी रॅकेटला शिशाची पट्टी चिकटवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, ती कुठे लावता त्यावर सगळं आहे. हातापासून दहा सेंटीमीटरवर लावलेलं वजन आणि साठ सेंटीमीटरवर, म्हणजे पार टोकाला लावलेलं तेवढंच वजन, यात अंतर सहापट असलं तरी फिरवायला ते छत्तीसपट जड पडतं. त्यामुळे "दहाच ग्रॅम लावलेत" म्हणून निर्धास्त राहू नका. बॅकहँडला तर अजून जपा, तिथे कोपराच्या बाहेरच्या बाजूवर सगळा ताण येतो आणि टेनिस एल्बो एकदा मागे लागलं की महिनोन्महिने सोडत नाही.

मॅचच्या आधी जड रॅकेट फिरवून जाणारे पण बरेच बघते. नेहमीची हातात घेतली की पिसासारखी हलकी वाटते आणि आज हात काय सुटलाय असं वाटतं. बेसबॉलवाले बॅटला वजनाची रिंग अडकवून अगदी हेच करतात, आणि मोजून बघितलं तेव्हा बॅट हलकी वाटते पण वेग वाढत नाही, उलट कमीच होतो असं दिसलेलं आहे. आपल्या खेळात तर टायमिंग बिघडतं ते वेगळंच. खेळून झाल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी अंग गरम करून शांतपणे करा ना.

आपल्या सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ मधे क्वालालंपूरला सेलांगर स्पर्धा जिंकली, बॅडमिंटनमधे भारतीयाने परदेशात जिंकलेलं ते पहिलं आंतरराष्ट्रीय विजेतेपद, तेव्हा रॅकेट लाकडी होत्या, आजच्यापेक्षा कितीतरी जड, वाकू नयेत म्हणून प्रेसमधे, म्हणजे चौकटीत, स्क्रू आवळून ठेवायच्या. आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं तर त्यांच्या खेळातली नजाकत! जड लाकूड हातात असताना इतकं सहज खेळायचं तर हात नीट वळणानेच फिरायला लागत असणार, नुसत्या जोराने ते जमणं शक्यच नाही असं मला फार मनापासून वाटतं.

आणि आईबाबांना हात जोडून सांगते, आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या हातात १५० ग्रॅमची रॅकेट देऊ नका. एका ठिकाणी रांगेने उभी करून लहान मुलांकडून तसल्या रॅकेटने स्मॅश मारून घेताना पाहिलंय, अर्धी मुलं पाठीत वाकडी होत होती, आणि माझा जीव अक्षरशः कळवळला. त्या वयात हात शिकवायचा असेल तर भिंतीवर टेनिस बॉल जोरात फेकायला लावा, जुनं शटल कोर्टच्या या टोकावरून जमेल तितकं लांब फेकायला लावा. खांदा, कोपर, मग हाताचं फिरणं, क्रम तोच आहे. मोठ्यांनीही आधी शंभर-एकशेवीस ग्रॅमपर्यंतच जावं आणि खांद्यात जरा जरी टोचलं तरी त्या दिवशी रॅकेट बॅगेत ठेवून द्यावी.