पायांचा आवाज न येणारा नाच

पुण्यात लहानपणी आठ वर्षे मी कथक शिकले, त्यामुळे नाच म्हटला की तो आधी कानांना ऐकू यायचा आणि मग डोळ्यांना दिसायचा. आमच्या बाई तत्काराच्या, म्हणजे पायांनी ताल वाजवण्याच्या, वेळी डोळे मिटून बसत आणि तरीही दुसऱ्या रांगेतल्या कोणत्या मुलीचा डावा पाय उशिरा पडला, हे अचूक सांगत. २०१४ च्या शरद ऋतूत नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यूमध्ये राहायला आलो. त्याच डिसेंबरात मी पॅसिफिक नॉर्थवेस्ट बॅले या तिथल्या नृत्यकंपनीचा पहिला प्रयोग पाहिला आणि मला सर्वांत आधी जाणवली ती हीच गोष्ट: एक मुलगी हवेत झेपावली, क्षणभर तिथेच थांबल्यासारखी वाटली, खाली आली, आणि ती जमिनीवर उतरल्याचा आवाज आलाच नाही. ज्या नाचात पायांचा नाद हेच सर्वस्व असते त्या नाचात वाढलेल्या माणसाला ही शांतता नुसती नवी वाटत नाही, ती अस्वस्थ करते. ती अस्वस्थता घेऊनच मी पुन्हा पुन्हा तिकिटे काढत गेले आणि आता दहा वर्षांहून अधिक काळ लेक वॉशिंग्टनवरचा पूल ओलांडून त्या नाट्यगृहात जाते आहे.

ही कंपनी १९७२ मध्ये सुरू झाली. १९७७ पासून २००५ पर्यंत केंट स्टोवेल आणि फ्रान्सिया रसेल या दांपत्याने ती वाढवली आणि २००५ पासून पीटर बोल तिचे कलादिग्दर्शक आहेत. तिघेही पूर्वी न्यूयॉर्क सिटी बॅलेत नाचलेले, म्हणजे ती कंपनी घडवणारे नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिन यांच्या परंपरेतले. त्यामुळे आपल्याकडे गवयाच्या पहिल्या आलापातच घराणे ओळखू येते, तसे इथल्या नर्तकांच्या हालचालीत वेग, स्वरावर नेमके पाऊल ठेवण्याची सवय आणि मोकळे, लांब हात हे घराण्याचे गुण दिसतात. प्रयोग मॅकॉ हॉलमध्ये होतात. जुन्या ऑपेरा हाउसची पुनर्बांधणी करून २००३ मध्ये उघडलेले हे सुमारे २,९०० आसनांचे सभागृह स्पेस नीडल या उंच मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या सिअ‍ॅटल सेंटरच्या आवारात आहे. मी वरच्या सज्जात बसते. तिथून चेहरे लहान दिसतात, पण समूहाच्या रचना, रांगांमधली अंतरे आणि जमिनीवर उमटणाऱ्या आकृत्या स्पष्ट कळतात. आता खालची जागा मिळाली तरी मी बहुधा वरचीच घेईन.

पहिला प्रयोग होता 'द नटक्रॅकर', आणि योगायोगाने तो एका निर्मितीचा अखेरचा हंगाम होता. स्टोवेल यांची नृत्यरचना आणि मुलांच्या पुस्तकांचे चित्रकार मॉरिस सेंडॅक यांचे नेपथ्य असलेला हा नाच १९८३ पासून दर नाताळात होत आला होता. माझ्या शेजारी बसलेल्या आजी स्वतःच्या मुलीला घेऊन पहिल्यांदा आल्या होत्या आणि त्या दिवशी नातीला घेऊन आल्या होत्या. पडदा पडताना त्या रडत होत्या. मला तेव्हा त्या रडण्याचा पूर्ण अर्थ लागला नाही. २०१५ मध्ये त्याच्या जागी बॅलन्शिन यांचा, मूळ १९५४ चा 'नटक्रॅकर' आला, इयन फॉल्कनर यांच्या नव्या, झगझगीत नेपथ्यासह. नवा प्रयोग अधिक स्वच्छ आणि अधिक वेगवान आहे आणि त्यात कंपनीच्या शाळेतल्या लहान मुलांना खूप वाव आहे. पण जुन्यात नायिका दुसऱ्या अंकात मोठी होऊन स्वतः नाचायची, तर नव्यात ती लहानच राहते आणि सिंहासनावर बसून इतरांचे नाच पाहते. मला जुन्यातली ती मोठी होणारी मुलगी अजून आठवते. याच नाचातील 'चहा' या छोट्या भागात पूर्वापार चिनी माणसाचे जे सोंग असायचे, ते या कंपनीने २०२१ मध्ये काढून टाकले आणि त्या जागी हिरवा रातकिडा आणला. बॅलेच्या परंपरेत पूर्वेकडचा माणूस बहुतेक वेळा सजावटीपुरता येतो. भारतातून येऊन त्या सज्जात बसणाऱ्या बाईला हा बदल किती मोठा वाटला असेल, याची इथल्या प्रेक्षकांना कदाचित कल्पना नसेल.

एखाद्या मोठ्या शहरात पाहुणी म्हणून जाऊन एक नामवंत प्रयोग पाहणे आणि गावातल्याच कंपनीचे प्रयोग वर्षानुवर्षे पाहणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला इथे राहून कळले. या कंपनीत पन्नासच्या आसपास नर्तक असतात आणि त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: आधी अप्रेंटिस, मग समूहात म्हणजे कोर द बॅलेमध्ये, त्यानंतर सोलोइस्ट आणि शेवटी प्रिन्सिपल. एकच भूमिका एका आठवड्यात तीन-चार जण आलटून पालटून करतात. मी आले तेव्हा अँजेलिका जेनेरोसा समूहात होती. 'नटक्रॅकर'मधल्या बर्फाच्या नाचात पांढऱ्या कागदी कपट्यांच्या वर्षावाखाली एकसारख्या पोशाखातल्या मुली धावतात, तेव्हा एकीला दुसरीपासून वेगळी करणे अवघड असते, आणि कोणी वेगळी दिसू नये हीच तर समूहाची शिस्त असते. तरीही तिची गिरकी संपण्याची एक तऱ्हा होती: शेवटचा फेरा ती किंचित उशिरा, अगदी स्वराच्या कडेवर आणून सोडायची, जशी एखादी तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला बोल, हिशोब चुकला असे वाटावे इतकी ताणली जाऊन नेमकी समेवर येते. पुढे ती सोलोइस्ट झाली, मग प्रिन्सिपल झाली, आणि त्याच नाचातल्या शुगर प्लम परीच्या भूमिकेत जेव्हा तिने तीच तऱ्हा मोकळेपणाने, पूर्ण रंगमंच स्वतःचा असताना वापरली, तेव्हा मला माझ्याच घरातल्या मुलीचे कौतुक व्हावे तसा आनंद झाला. लेटा बियासुची हीदेखील अशीच. बेताच्या उंचीची, पण उडी घेतली की रंगमंचाची रुंदी तिला पुरत नाही.

गिरक्यांबद्दल थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण माझे कथकचे शिक्षण इथेच सर्वांत जास्त उपयोगी पडले. चक्कर घेताना आम्ही टाचेवर फिरायचो आणि ही मंडळी बोटांच्या टोकावर फिरतात. पण नजर समोरच्या एका बिंदूवर खिळवून ठेवायची आणि मान शेवटी झटक्यात फिरवायची, ही युक्ती दोन्हीकडे एकच आहे. 'स्वान लेक'च्या तिसऱ्या अंकात काळ्या हंसिणीचे एका पायावरचे बत्तीस फेरे सुरू होतात तेव्हा सभागृह मनातल्या मनात मोजू लागते. मी मात्र तिची टाच पाहते. प्रत्येक फेऱ्याला ती टाच जमिनीला टेकून पुन्हा उचलली जाते, आणि ती टेकण्याची जागा बदलत गेली की समजावे, शरीर थकले आहे. बोटांच्या टोकावर उभे राहण्यासाठीच्या बुटांचा, म्हणजे पॉइंट शूजचा, पुढचा भाग कापड, कागद आणि खळ यांच्या थरांनी कडक केलेला असतो. नर्तकी फिती स्वतः शिवतात, नवा जोड आपटून मऊ करतात, आणि कठीण भूमिकेत एक जोड एका संध्याकाळीच निकामी होऊ शकतो. आमच्या घुंगरांना बाई वर्षानुवर्षे जपायला सांगत, त्यांच्या पाया पडायला लावत. इथली साधने इतकी अल्पायुषी आहेत, हे पाहून मला प्रथम चुकल्यासारखे वाटले होते.

साथीचा प्रश्नही असाच आहे. कथकमध्ये तबलजी शेजारी बसलेला असतो, नाचणारीकडे पाहून हसतो, तिला खिजवतो, आणि तिच्या बोलाला उत्तर देतो. बॅलेत वादक खाली खड्ड्यात असतात. या कंपनीचा स्वतःचा वाद्यवृंद आहे, आणि संचालकाची नजर एका वेळी स्वरलिपीवर आणि वर नाचणाऱ्या पायांवर असते, कारण उंच, लांब पायांच्या नर्तकीला उडीतून खाली यायला लागणारा वेळ आणि लहान चणीच्या नर्तकीला लागणारा वेळ सारखा नसतो. सलग दोन दिवस दोन वेगळ्या नर्तकींचा 'स्वान लेक' ऐकला, तर चायकोव्स्कीच्या त्याच संगीताची गती बदललेली जाणवते. हा संवाद आहेच, फक्त तो आपल्या तबल्यासारखा उघडपणे चालत नाही.

या दहा वर्षांत मला सर्वांत जवळची वाटलेली नर्तकी म्हणजे नोएलानी पँटॅस्टिको. हवाईत जन्मलेली ही नर्तकी १९९७ मध्ये या कंपनीत आली, प्रिन्सिपल झाली, २००८ मध्ये मोनॅकोच्या ले बॅले द मोंते-कार्लो या कंपनीत गेली आणि २०१५ मध्ये परत आली. तिची ज्युलिएट मी पहिल्यांदा फेब्रुवारी २०१६ मध्ये पाहिली. जाँ-क्रिस्तोफ मायो यांच्या त्या 'रोमिओ आणि ज्युलिएट'मध्ये वेरोनाचे राजवाडे नाहीत, तलवारी नाहीत. पांढरे वळणदार पडदे आणि एक उतार, एवढेच नेपथ्य आहे. सगळी कथा शरीरांवर, विशेषतः हातांवर सोपवलेली आहे. ज्युलिएट प्रियकराच्या चेहऱ्याजवळ हात नेते आणि स्पर्श करण्याआधी थांबते. पँटॅस्टिकोच्या त्या थांबण्यात जे होते त्याला आपल्याकडे अभिनयाच्या पाठात 'भाव ठरला पाहिजे' असे म्हणतात, आणि ते मी बॅलेत अपेक्षिले नव्हते. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली, पुढचा हंगाम आम्ही घरी पडद्यावर पाहिला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने याच भूमिकेतून निरोप घेतला. मास्क लावलेले प्रेक्षक बराच वेळ उभे होते. तेव्हा मला २०१४ मधल्या त्या आजींच्या डोळ्यांतले पाणी समजले. कार्ला कोर्बेश या ब्राझीलच्या नर्तकीला मात्र मी जेमतेम एक हंगाम पाहू शकले. २०१५ मध्ये ती निवृत्त झाली. तिच्या हातांची संथ, अखंड हालचाल मी अजून इतरांमध्ये शोधते.

अभिनयाचा विषय निघालाच आहे, तर 'जिझेल'बद्दल लिहायलाच हवे. पॅरिसमध्ये १८४१ साली आलेला हा बॅले या कंपनीने २०११ मध्ये जुनी नृत्यलिपी आणि जुन्या नोंदी तपासून पुन्हा उभा केला. डग फुलिंग्टन आणि मरियन स्मिथ या अभ्यासकांच्या मदतीने त्यातले गळून गेलेले मूकाभिनयाचे प्रसंग परत आणले गेले. जिझेलची आई मुलीला बजावते, की फार नाचू नकोस, लग्नाआधी मेलेल्या मुली रात्री जंगलात भुते होऊन हिंडतात आणि सापडलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. हे सारे ती शब्दांविना सांगते: डोक्यावर एकमेकांभोवती फिरणारे हात म्हणजे नाच, समोर मनगटांवर ओलांडलेल्या मुठी म्हणजे मृत्यू. माझ्याबरोबर आलेल्या माझ्या सासूबाईंना या खुणांची काहीच माहिती नव्हती, पण मध्यंतरात त्या म्हणाल्या, "अगं, या तर आपल्या आसराच!" विहिरीकाठच्या, डोहातल्या सात आसरांच्या गोष्टी ऐकत त्या वाढल्या होत्या. त्यांना समजावून सांगण्यासारखे माझ्याकडे काही उरले नाही.

नव्या रचनांपैकी नृत्यरचनाकार क्रिस्टल पाइट यांच्या 'इमर्जन्स'ने मला सर्वांत जास्त हलवले. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या झुंडीवरची ही रचना आहे आणि तिच्या एका भागात नर्तकी पायांच्या बोटांवर उभ्या राहून कुजबुजत्या स्वरात आकडे मोजतात. इतकी वर्षे ज्या नाचात मला कंठ ऐकू आला नव्हता, त्यात अचानक पढंत, म्हणजे तोंडाने बोल म्हणणे, सुरू झाली! मी खुर्चीत पुढे सरकले आणि माझा उजवा हात आपोआप मांडीवर ताल धरू लागला. २०२५ च्या सुरुवातीला आलेला नवा 'स्लीपिंग ब्यूटी' वेगळ्या कारणाने लक्षात राहिला: त्याची दृश्यरचना प्रेस्टन सिंगलटरी या ट्लिंगिट वंशाच्या काच-कलावंताची आहे, आणि फ्रेंच राजवाड्याच्या जागी या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांच्या आकृती रंगमंचावर आल्या. कथेचा सांधा प्रत्येक ठिकाणी जुळतो असे मला वाटले नाही, पण या मातीतली कंपनी या मातीकडे पाहते आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रत्येक प्रयोगानंतर खालच्या व्याख्यानकक्षात प्रश्नोत्तरे होतात. पीटर बोल आणि त्या दिवशी नाचलेला एखादा नर्तक समोर बसतो, मेकअप पुसलेला, केस ओले, साध्या कपड्यांत. दहा मिनिटांपूर्वी जो राजपुत्र होता तो आता गुडघ्याविषयी, झोपेविषयी, पडत्या काळाविषयी सरळ बोलतो. मी एकदा धीर करून विचारले, की उडीतून उतरताना आवाज होऊ नये म्हणून शरीरात नेमके काय करता. समोरची नर्तकी खुर्चीतून उठली, तिने बूट काढले आणि आधी बोटे, मग चवडा, मग टाच, असे पाऊल चारदा जमिनीवर ठेवून दाखवले, आणि सांगितले, की उतरायला सुरुवात वर असतानाच करावी लागते. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात तसे करून पाहिले. आठ वर्षे पाय आपटायला शिकलेल्या पायांना ते जमत नाही.

पुढच्या हंगामात बॅलन्शिन यांचा 'सेरेनेड' पुन्हा व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पडदा उघडतो तेव्हा फिकट निळ्या पोशाखातल्या सतरा मुली उजवा हात प्रकाशाकडे उचलून उभ्या असतात, आणि नंतर एक मुलगी उशिरा येऊन आपली जागा शोधते. बॅलन्शिन यांच्या तालमीला कोणीतरी खरोखर उशिरा आले होते आणि त्यांनी तो प्रसंग रचनेतच ठेवून दिला. त्या सतरांमध्ये दर वेळी चार-पाच चेहरे नवे असतात. नटसंचाची यादी प्रयोगाच्या थोडे आधी जाहीर होते. मी शुक्रवार रात्रीचे आणि शनिवार दुपारचे, अशी दोन तिकिटे काढून ठेवते, म्हणजे कोणी नवी असेल तर ती दोन्ही दिवस मला दिसते.