पुलांखाली पाणी नसलेलं बेट: जेजूची भटकंती

जेजू बेटावर पूल भरपूर, पण पुलांखाली पाणी नाही. विमानतळावरून पूर्वेकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलो आणि हे लगेच लक्षात आलं. पूल येतो, खाली चांगलं खोल पात्र, त्यात काळे धोंडे आणि औषधालासुद्धा ओल नाही. बरं, बेट दुष्काळी म्हणावं तर दक्षिण कोरियातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांमध्ये याची गणती. तरी नद्या कोरड्या. मोठा पाऊस झाला की तेवढ्यापुरत्या धो धो वाहतात आणि पुन्हा ठणठणीत.

हे सगळं दगडाचं काम. आख्खं बेट ज्वालामुखीतून आलेलं. मधोमध १,९४७ मीटर उंचीचा हल्लासान, दक्षिण कोरियातला सगळ्यात उंच डोंगर, आणि त्याच्या अंगाखांद्यावर ओरुम म्हणतात त्या साडेतीनशेहून जास्त लहान ज्वालामुखी टेकड्या. लाव्ह्याचा दगड सच्छिद्र, भेगाळ. पडलेलं पाणी तो धरून ठेवतच नाही. ते खाली मुरतं, जमिनीच्या पोटातून वर्षानुवर्षं सरकत राहतं आणि थेट समुद्रकाठी गोड्या पाण्याचे झरे होऊन बाहेर येतं. म्हणून जुनी गावं किनाऱ्याला धरून वसलेली. शेतात पाणी उभं राहत नाही म्हणून भातशेती जवळपास नाहीच; राळे, जव, कुट्टू यांवर पूर्वी लोकांनी दिवस काढले. जेजूत जे खाल्लं, त्याचा माग काढत गेलं की शेवटी या दगडापाशीच येऊन थांबावं लागतं, असं माझं मत झालंय.

मी वाईची, त्यामुळे काळ्या दगडाचं मला काय कौतुक! घाटावरचे वाडे, देवळं, सगळं त्याचंच. पण सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, मुरलेला. जेजूचा त्यापुढे काल जन्मलेला. बेटाचं वय वीस लाख वर्षांच्या आतलं. दगडावरची भोकं बुडबुड्यांची आहेत हे बोट घालून बघता येतं. शेताशेतांमध्ये याच दगडांचे गडगे घातलेत. ना माती, ना चुना, नुसते एकावर एक रचलेले धोंडे. मधल्या फटींतून पलीकडची कोबीची रांग दिसते. मी एका ठिकाणी मुद्दाम फटीशी हात धरून बघितला, तर वारा शिट्टी घालत आरपार. वाऱ्याला अडवायचं नाही, त्याचा जोर मोडायचा, म्हणजे भिंतही टिकते आणि पीकही. जेजूच्या या शेतभिंतींना २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. शेताच्या मध्येच एखादी थडग्याची गोल टेकडी असते, तिलाही चारी बाजूंनी असाच गडगा. जनावरं आणि शेत जाळताना पेटलेली आग आत येऊ नये म्हणून.

आम्ही मुक्काम सोंगसानला ठेवला होता. जेजू शहरात राहून रोज ये-जा करणारे खूप, पण पूर्व किनारा नीट बघायचा तर इकडेच राहावं. सोंगसान इल्चुल्बोंग हा समुद्रात घुसलेला खडा कातळ सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी उथळ समुद्रात स्फोट होऊन तयार झाला. तापलेला लाव्हा आणि पाणी एकत्र आले, राख उडाली, थराथराने बसली. आधी ते वेगळं बेट होतं, मग वाळू साचत साचत मुख्य बेटाला जोडलं गेलं. उंची जेमतेम १८० मीटर, वाट पायऱ्यांची, अर्ध्या तासात माथा. सूर्योदयासाठी लोक पहाटे अंधारात गर्दी करतात. आम्हीही केली. ढग होते. सूर्य उगवला असणार, आम्हाला काही दाखवला नाही. पण उजाडल्यावर समोर आलेला हिरवागार वाडगा, सहाशे मीटर रुंद, कडेला दातेरी सुळके आणि पलीकडे थेट समुद्र, एवढ्यावर मी खूश होते. २००७ साली युनेस्कोच्या यादीत जेजूचा जो ज्वालामुखी वारसा गेला, त्यात हल्लासान आणि लाव्ह्याच्या गुहांबरोबर हाही आहे.

कातळाच्या पायथ्याशी छोटी खाडी आहे. तिथे दुपारी हेन्यो, म्हणजे श्वास रोखून समुद्रात बुडी मारणाऱ्या बायका, पाण्यात उतरतात. हे पर्यटकांसाठीचं प्रात्यक्षिक आहे, ते लपवलेलंही नाही. तरी मला त्याचा राग आला नाही, कारण उतरणाऱ्या बायका खऱ्या होत्या. काळे रबरी पोशाख, कमरेला शिशाची वजनं, हातात नारिंगी तरंगता गोळा आणि त्याला लटकवलेली जाळी. एकीही साठीच्या आतली वाटली नाही. जमिनीवर त्या गुडघे धरून, वाकून चालत होत्या. पाण्यात पडल्यावर दोन पाय हवेत सरळ उभे दिसले आणि बाई गायब. ऑक्सिजनची टाकी वगैरे काही नाही, छातीत भरलेला श्वास तेवढाच. मी नकळत माझा श्वास धरला आणि सोडूनही दिला, ही आपली खालीच. मग पाण्यावर डोकं आलं आणि उंच, बारीक शिट्टीसारखा आवाज. कोंडलेला श्वास सोडण्याची ही त्यांची पद्धत, सुंबिसोरी. एकीमागून एक अशा शिट्ट्या खाडीभर उठत होत्या. माझ्या शेजारची कोरियन मुलगी व्हिडिओ काढायचा थांबवून नुसती ऐकत राहिली.

शेतीत भागत नाही, पुरुष होड्यांवर गेलेले, त्यातले कित्येक परत न आलेले, आणि वर राजदरबाराला अबलोन शिंपल्यांचा नजराणा द्यायचा. अशा पेचातून हा धंदा बायकांच्या अंगावर आला. पुढे त्याच घरच्या कर्त्या झाल्या. १९३२ साली याच पूर्व किनाऱ्यावरच्या हेन्योंनी जपानी राजवटीतल्या लुबाडणुकीविरुद्ध मोठं आंदोलन केलं होतं. हादोच्या हेन्यो संग्रहालयात त्याची माहिती आहे. तिथे जुने पांढरे सुती पोशाखही मांडलेत. रबरी पोशाख सत्तरच्या दशकात आले. त्याआधी हिवाळ्यातही या सुती कपड्यांत उतरायचं, बाहेर येऊन दगडांच्या आडोशाला शेकोटी करायची आणि पुन्हा आत. साठच्या दशकात वीस हजारांवर असलेल्या हेन्यो आता तीन हजारांपेक्षाही कमी उरल्यात. २०१६ साली युनेस्कोचा मान मिळाला, पण नव्या मुली फारशा येत नाहीत. का येतील?

त्यांच्या सहकारी खानावळीत अबलोनची पेज खाल्ली, चोनबोकचुक. आजारी माणसाची पेज डोळ्यांसमोर आणाल तर फसाल. तांदूळ तिळाच्या तेलात परतून शिजवलेला, आणि शिंपल्याची आतडीही त्यात घातलेली, त्यामुळे रंग पिवळट हिरवा आणि चव खोल, समुद्राची. मांसाचे काप किंचित चिवट. बरोबर मुळ्याचं किमची. अबलोन आता बहुतेक जोपासलेलेच असतात, त्यामुळे ही पेज पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाही. समुद्रकाकडीचे कच्चे तुकडेही मागवले. ते माझ्या नवऱ्याने संपवले. मी एक तुकडा तोंडात घेतला, बराच वेळ चावला आणि समुद्राकडे बघत गिळला.

सोंगसानच्या धक्क्यावरून बोटीने पंधरा मिनिटांवर उदो. लहानसं बेट. लोक तीन चाकांच्या विजेच्या गाड्या भाड्याने घेऊन भोवती घिरट्या घालतात. चालणाऱ्याला त्यांचा थोडा जाच होतो. पश्चिमेचा पांढरा किनारा मात्र बघाच. ती वाळू नाही. समुद्रातल्या लाल शेवाळाचे चुनखडीसारखे कडक झालेले गोळे आहेत, पॉपकॉर्नएवढे. मूठभर उचलून हातावर घेतले तर प्रत्येकाचा आकार निराळा. खिशात घालायला बंदी आहे, तसे फलकही आहेत. उदोचे शेंगदाणे बारके, गोलसर, सालासकट खायचे. त्यांचा कूट आईस्क्रीमवर घालून देतात. शेंगदाण्याच्या कुटाचं महाराष्ट्रात कुणाला काय सांगायचं, पण आईस्क्रीमवर तो छान लागतो.

सोल्मुनदे हालमांग ही या बेटाची आद्य आजी. इतकी अवाढव्य की तिने घागऱ्यात माती भरून आणून हल्लासान रचला, आणि घागऱ्याच्या भोकांतून जी माती गळली तिचे ओरुम झाले. माझा आवडता भाग पुढचा. ती बेटकऱ्यांना म्हणाली, मला एक अंतर्वस्त्र शिवून द्या, मी मुख्य भूमीपर्यंत पूल बांधून देते. त्याला रेशमाची शंभर ठाणं लागणार होती. लोकांनी जंग जंग पछाडून नव्व्याण्णव गोळा केली. पूल राहिला तो राहिलाच. आपल्याकडच्या कुठल्याही रखडलेल्या पुलाला यापेक्षा बरं कारण मी ऐकलेलं नाही.

हल्लासान आम्ही चढलो नाही. माथ्यावर जाणाऱ्या सोंगपानाकच्या वाटेला आधी ऑनलाइन नोंदणी लागते आणि एका बाजूचीच चाल ९.६ किलोमीटर. त्याऐवजी पश्चिमेचा सेब्योल ओरुम चढलो. शरद ऋतूत त्याच्या उतारावर रुपेरी गवताला तुरे येतात, आणि वारा असा की टोपी हातात धरूनच चालायचं. चढ छोटा पण उभा आहे. दम लागतो.

आता डुक्कर. जेजूचं काळं डुक्कर सगळ्या कोरियात नावाजलेलं. बोटभर जाडीचे तुकडे निखाऱ्यावरच्या जाळीवर ठेवतात, वाढणारी बाई चिमट्याने उलटते आणि कात्रीने कचाकच कापते. आपण हात लावायला गेलो तर हळूच बाजूला सारते. जाळीवरच एका वाटीत मेलजोत रटरटत असतं. म्हणजे मांदेलीच्या जातीचे बारके मासे खारवून मुरवलेले. वास पहिल्यांदा अंगावर येतो. नवरा अलिबागकडचा, सुकट-बोंबलाच्या वासात वाढलेला. त्याला तो वास ओळखीचा वाटला. चरबीची कड कुरकुरीत झालेला तुकडा त्या खारात बुडवायचा, लसणाच्या पाकळीबरोबर पानात गुंडाळायचा आणि एका घासात तोंडात. पूर्वी ही डुकरं घराच्या शौचकूपाखाली दगडी आवारात पाळत. त्यांच्या राहण्याचा, खाण्याचा आणि शेताच्या खताचा प्रश्न एकदमच सुटायचा. नाक मुरडण्याआधी आठवावं, गोव्यातल्या जुन्या घरांच्या मागेही हीच सोय होती. आता अर्थातच तसं काही नाही. मूळ जातीच्या डुकरांना २०१५ साली राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा मिळाला. ताटात येतात ती संकरित.

जेजूच्या जाहिरातींमध्ये न दिसणारी एक गोष्ट सोंगसानच्याच पायथ्याशी, वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर आहे. ३ एप्रिल १९४८ ला बेटावर डाव्यांचा उठाव झाला, आणि तो मोडताना लष्कर, पोलीस आणि त्यांच्या साथीदारांनी गावंच्या गावं जाळली. १९५४ पर्यंत चाललेल्या या प्रकारात पंचवीस ते तीस हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे, म्हणजे बेटावरचा दहातला एक. या पट्ट्यावर आणून मारलेल्यांचं स्मारक तिथे उभं आहे. लष्करी राजवटींच्या काळात याबद्दल बोलायचीही चोरी होती. २००३ साली राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली. जेजू शहराबाहेर त्या तारखेच्या नावाचं ४·३ शांतता उद्यान आहे, तिथे अर्धा दिवस तरी द्यावा. मधुचंद्राला आलेली जोडपी जुळे टीशर्ट घालून याच वाळूत फोटो काढत असतात. त्यांचं चूक आहे असं मला म्हणायचं नाही.

दक्षिणेकडे सोग्विपो. जोंगबांगचा धबधबा २३ मीटरवरून जवळजवळ समुद्रातच पडतो. छान आहे, पण पावसाळ्यातल्या आंबोलीला जाऊन आलेल्यांनी फार आशा ठेवू नये. मला संत्र्यांच्या बागा जास्त आवडल्या. नोव्हेंबरात काळ्या गडग्यांमागे झाडं नारिंगी फळांनी वाकलेली, फळ पातळ सालीचं, बिनबियांचं. साठ-सत्तरच्या दशकांत या झाडाला ‘कॉलेजचं झाड’ म्हणत. दोन-चार झाडांवर पोराचं विद्यापीठाचं शिक्षण व्हायचं म्हणून.

शेवटची संध्याकाळ जेजू शहरातल्या दोंगमुन बाजारात. पर्यटकांचा घोळका रात्रीच्या गाड्यांपुढे असतो, जिथे लॉबस्टरवर चीज ओतून ज्वाळा काढतात. ते आम्ही लांबून पाहिलं. आतल्या गल्लीत एक आजी पिंगतोक करत होत्या. कुट्टूचं पातळ घावन, त्यात शिजवलेला मुळ्याचा कीस, गुंडाळी करून हातात. मीठ जवळपास नाहीच. पहिला घास म्हणजे ‘एवढंच?’, तिसऱ्या घासाला मुळ्याची गोडी कळते. ओमेगी तोकही घेतले, म्हणजे लाल चवळीसारख्या दाण्यात घोळलेले राळ्याचे गोळे.

मासळीच्या रांगेत नवरा एकदम थबकला. “अगं, ही तर आपली वाकटी!” बर्फावर हात-दीड हात लांब, आरशासारख्या चकाकणाऱ्या पट्ट्या. कोरियनमध्ये गाल्ची. रात्री किनाऱ्यावरून क्षितिजावर दिव्यांची जी ओळ दिसत होती, त्यातल्या पुष्कळ होड्या याच माशाच्या. जाळ्यात घासून चांदी निघू नये म्हणून गळाने धरतात, आणि गळाच्या माशाला भावही चढा. जवळच्या खानावळीत त्याचं तिखट कालवण मिळत होतं, मुळा-बटाटा घातलेलं. पण शेजारच्या टेबलावर स्वच्छ पाण्यासारखं सूप होतं, त्यात वाकटीचे जाड तुकडे आणि चक्क लाल भोपळा. नवऱ्याला हे पटेना. भोपळ्यात मासा? मी तेच मागवलं. कोबीची पानं, हिरवी मिरची, मीठ, बाकी मसाला शून्य, आणि हिवस वास अजिबात नाही. मासा ताजा नसेल तर हा पदार्थ जमणारच नाही. नवऱ्याने काटे काढत काढत वाडगा संपवला आणि म्हणाला, दोन आमसुलं पडायला हवी होती. विमान दुपारचं होतं. सकाळी आम्ही त्याच खानावळीत जाऊन पुन्हा तेच सूप मागवलं.