खुर्चीच्या पायावरचं पान

गेल्या महिन्यात इथे इंग्लंडमध्ये एका लिलावात महोगनीची बलून-बॅक (फुग्यासारख्या गोल पाठीची) खुर्ची घेतली, 1850-60 च्या सुमाराला घरोघरी असायची तसली, आणि तेव्हापासून रोज रात्री जेवणं आटोपली की जुना टूथब्रश घेऊन तिच्यापुढे बसतेय. नक्षीच्या खाचांत मेण आणि धूळ इतकी घट्ट बसलेली की पाठीवरचं फूल नक्की कुठलं तेच कळेना. परवा पाकळ्या मोकळ्या झाल्या तेव्हा दिसलं, गुलाब आहे, आणि एका पाकळीची कड चक्क बाहेर दुमडलेली!

पुढच्या दोन्ही पायांवर, जिथे ते गुडघ्यासारखे फुगतात तिथे, अकँथसचं पान आहे. हे मूळचं भूमध्य समुद्राकाठचं झुडूप, ग्रीकांनी खांबांच्या माथ्यावर कोरलं आणि पुढे व्हिक्टोरियन काळात तर कपाटं, पलंग, आरशांच्या चौकटी, जिथे बघाल तिथे तेच पान. आईला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन, "अगं, ही तर आपल्या खाडीतली मारांडी!" आणि खरंच, कोकणात कांदळवनात वाढणारी काटेरी पानांची मारांडी अकँथसच आहे, फक्त जात वेगळी. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

व्हिक्टोरियन नक्षी म्हणजे सगळी मशीनची असं बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही. मशीन होतं हे खरं, थॉमस जॉर्डनने 1845 मध्ये पेटंट घेतलं आणि लंडनच्या पार्लमेंटच्या लाकूडकामात ते वापरलंही, पण मशीन ढोबळ आकार काढून द्यायचं, शेवटचा हात कारागिराच्या पटाशीचाच. स्वस्त फर्निचरवर नक्षी वेगळी कोरून सरसाने चिकटवायचे. ते ओळखायचं तर लाकडाचे रेषे बघा, पायातले रेषे तसेच पुढे पानात गेले असतील तर पान त्याच लाकडातून कोरलंय, मध्येच तुटले तर चिकटवलेलं. माझ्या खुर्चीचे रेषे सलग आहेत. शिवाय डाव्या पानाची मधली शीर उजव्यापेक्षा जराशी वाकडी वळलीये, तिथे बोट फिरवलं की कोणाचा तरी हात जाणवतो.

सगळंच मला आवडतं असं नाही हं. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी वॉरिक गावच्या कारागिरांनी जवळच्या केनिलवर्थचं ओकचं झाड वापरून एक प्रचंड बुफे, म्हणजे जेवणघरात भांडी मांडायचं कपाट, केला, राणी एलिझाबेथच्या 1575 च्या केनिलवर्थ भेटीचे देखावे कोरलेला, कारागिरी अफाट पण डोळा ठरत नाही कुठे. त्याच काळात मुंबईत शिसवीच्या खुर्च्या-सोफे जाळीसारखे कोरले जात होते, साहेबाच्या दिवाणखान्यासाठी, आकार विलायती आणि हात आपल्या सुतारांचे, ते मात्र मी तासन्‌तास बघू शकते.

उजव्या पानाच्या देठाशी अजून मेण आहे. टूथब्रश तिथे पोचत नाही, आज बांबूची काडी तासून बघणारे.