बापूंची उतरंड

आमच्या घरात आंब्यांची, गवयांची आणि गणपतीच्या देखाव्यांची क्रमवारी दरवर्षी नव्याने लागते. सगळ्यांत जुनं आणि अजून न मिटलेलं भांडण मात्र व्ही. शांतारामांच्या, म्हणजे बापूंच्या सिनेमांचं आहे. जेवणं झाल्यावर, बडीशेप चघळत कुणीतरी निरागसपणे विचारतं, "बापूंचा सगळ्यांत चांगला सिनेमा कुठला म्हणायचा?" की संपलंच. ताटं उचलायला उठलेली माणसंही परत टेकतात.

यात मूळ अडचण पुण्याची आहे. बापू कोल्हापूरचे, त्यांची 'प्रभात' फिल्म कंपनीसुद्धा 1929 साली कोल्हापुरातच निघाली. 1933 साली कंपनी पुण्याला आली आणि 1942 मध्ये बापू ती सोडून मुंबईला गेले. म्हणजे पुण्याच्या वाट्याला ते जेमतेम नऊ वर्षं आले. पण लॉ कॉलेज रस्त्यावरून जाताना 'प्रभात'च्या जुन्या जागेतल्या फिल्म इन्स्टिट्यूटचं फाटक दिसलं की आम्हाला तो माणूस आमच्याच वाड्यात लहानाचा मोठा झाल्यासारखा वाटतो. आत त्यांच्या नावाचं तळं आहे, पलीकडे प्रभात रस्ता आहे. त्यामुळे यादी करताना आमच्याकडे पंच कुणीच नसतो, सगळे घरचेच.

यंदा विषय काढला भाच्याने. तो हिंजवडीत नोकरीला आहे आणि त्याला प्रत्येक गोष्टीला आकडा लागतो. "मामा, तू नुसतं 'काय सिनेमा होता' असं म्हणू नकोस. दहापैकी मार्क दे." मी म्हटलं, मार्क नाही देणार, नंबर देईन. मार्क देताना माणूस उदार होतो. साडेसात इकडे, साडेसात तिकडे, सगळेच पास. नंबर लावायचा म्हटलं की एकाला वर घेण्यासाठी दुसऱ्याला खाली ढकलावं लागतं आणि तिथे आपलं खरं मत बाहेर येतं.

सुरुवातीलाच मावशीने 'संत तुकाराम' पहिला लावला. हे दरवेळी होतं. मी दरवेळी सांगतो, की मावशी, तो 'प्रभात'चा आहे, बापूंचा नाही. दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांचं. व्हेनिसच्या महोत्सवात गाजला तोही त्यांच्याच नावावर. त्यावर मावशीचं ठरलेलं उत्तर, "अरे, पण कंपनी एकच ना? घरात स्वयंपाक कुणीही केला तरी पंगत आपलीच." यावर काय बोलणार? तुकाराम यादीबाहेर ठेवला. मावशी थोडा वेळ रुसली आणि मग 'नवरंग'च्या बाजूने मैदानात उतरली.

तेव्हा नियम ठरवले. दिग्दर्शन बापूंचं हवं आणि सिनेमा आपण अथपासून इतिपर्यंत पाहिलेला हवा. गाण्यांच्या कार्यक्रमात दिसलेले तुकडे चालणार नाहीत. दुसऱ्या नियमामुळे मूकपट आपोआप गळाले, कारण पाहणार कुठे? ती रिळं नायट्रेटची, भुरकन पेटणारी. 2003 च्या जानेवारीत आपल्याच पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारात ठेवलेल्या रिळांना आग लागली आणि जुन्या सिनेमाचा केवढातरी ठेवा त्यात गेला. त्यामुळे बापूंच्या सगळ्या सिनेमांची यादी करतो असं म्हणणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं, की आपण उरलेल्यांचीच यादी करतोय.

आता पहिला नंबर. इथे लढत 'कुंकू' आणि 'माणूस' यांच्यात. बाकीचे सगळे तिसऱ्यापासून खाली, यावर मी कुणाचं ऐकून घेत नाही.

'कुंकू' 1937 चा. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायचं साफ नाकारते. नीरा म्हणजे शांता आपटे, काकासाहेब म्हणजे केशवराव दाते. बोलपट येऊन पाच-सहा वर्षंच झाली होती आणि प्रत्येक सिनेमात गाण्यांची आणि वाद्यांची खैरात चालू होती. त्या काळात या माणसाने पार्श्वसंगीतच काढून टाकलं. गाणी आहेत, पण गाण्याला साथ घरातल्या वस्तूंच्या आवाजांची. एरवी ऐकू येतात ती पावलं, दारं आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. भाच्याला हा सिनेमा दाखवायला बसवला, तेव्हा पहिल्या पंधरा मिनिटांत त्याने मोबाइलचा आवाज वाढवून पाहिला. त्याला वाटलं काहीतरी बिघडलंय. मग तो गप्प झाला. ते घड्याळ काकासाहेबांच्या वयाचंच एक पात्र आहे हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. नीरा मध्येच लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, तेव्हा मात्र तो हसला. हसू दे. सदतीस सालची सून सासरी बसून इंग्रजीत गाते, आणि तेही जगाच्या रणांगणात झुंजायचं गाणं! हसण्यासारखं आहे आणि टाळ्या वाजवण्यासारखंही आहे.

एवढं असून मी 'कुंकू' दुसरा लावतो. कारण शेवट. काकासाहेबांना चूक कळते, ते जीव देतात आणि नीरा मोकळी होते. केशवराव दात्यांनी तो म्हातारा असा उभा केलाय की त्याची कीव येते, आणि घोळ तिथेच आहे. गुंता सोडवायचा सोडून एका माणसाला उचलून बाजूला ठेवला. मेहुण्यांना हे अजिबात मान्य नाही. त्यांच्या मते त्या काळी याहून पुढे जाता आलंच नसतं. असेल. पण दोनच वर्षांनी हाच दिग्दर्शक पुढे गेला, त्याचं काय?

'माणूस' 1939 चा. प्रेमात हरलेला नायक बाटलीत बुडून मरतो आणि थिएटरात सगळे हुंदके देतात, अशी तेव्हा लाट होती. बापूंनी तिला दिलेलं हे उत्तर. गणपत हा साधा पोलीस शिपाई, शाहू मोडकांनी केलेला. धाड पडते तेव्हा त्याला मैना भेटते, शांता हुबळीकर. तो तिला त्या वेश्यावस्तीतून बाहेर काढू बघतो, आईपर्यंत घेऊन जातो. आणि तिथे, सगळं चांगलं चाललेलं असताना, मैनाच मागे सरते. तिला हाकलणारं त्या घरात कुणी नाही. आई सोज्वळ, पोरगा सरळ. तिला तो सोज्वळपणाच झेपत नाही. मी ते दृश्य दर खेपेला उशी छातीशी धरून बघतो, कारण त्यात खलनायकच नाही, कुणावर दातओठ खायचे ते कळत नाही. पुढे तिच्या हातून खून होतो, तिला जन्मठेप होते. गणपत तिला सोडवून न्यायला येतो, तर ती त्यालाही नकार देते. दोघांतलं मरत कुणीच नाही, सुटतही कुणी नाही. 'कशाला उद्याची बात' हे गाणं सगळ्यांना पाठ असतं. समोर बसलेल्या नाना प्रांतांच्या गिऱ्हाइकांसाठी ती त्यांच्या त्यांच्या भाषेत कडवी फिरवते. गाणं उडतं आहे, म्हणून लोक सिनेमाही हलकाफुलका समजतात. हुबळीकरांनी आत्मचरित्राला हेच नाव दिलं. गाण्याचा मतलब त्यांच्याइतका कुणाला ठाऊक असणार?

तर 'माणूस' पहिला. लिहून घ्या.

तिसऱ्या नंबरावर 'शेजारी' की 'दो आँखें बारह हाथ', यावर घरात सरळ दोन पक्ष पडले. मी 'शेजारी'चा. 1941 सालचा, म्हणजे लाहोरला फाळणीचा ठराव होऊन वर्षच झालेलं. जिवबा आणि मिर्झा हे दोन जिवाभावाचे शेजारी, धरण बांधणाऱ्यांच्या कारस्थानाने तुटलेले. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार. हिंदीत तर बापूंनी गंमतच केली: हिंदू ठाकूर झाला मजहर खान आणि मुसलमान मिर्झा झाले जागीरदार. शेवटी धरण फुटतं आणि ते दोघे म्हातारे एकमेकांचे हात धरून वाहून जातात. इथेही माणसं मरतात हे मला मान्य. 'कुंकू'ला लावलेला नियम मी 'शेजारी'ला लावत नाही, हे भाच्याने लगेच पकडलं. लावत नाही. धरण फुटणं कुणाची सोय करत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता या यादीमागचा माझा खरा मुद्दा. वरचे तिन्ही 'प्रभात'चे आहेत, आणि हा निव्वळ पुणेरी अभिमान नाही. 'प्रभात'मध्ये बापू एकटे नव्हते. ध्वनी विष्णुपंत दामल्यांकडे, नेपथ्य साहेबमामा फत्तेलालांकडे, आणि सगळे भागीदार. भागीदार माणूस "हे जरा जास्त होतंय" असं म्हणू शकतो. मालकाला तसं कोण म्हणणार? पुढे मुंबईत 'राजकमल' निघालं, त्याचे सर्वेसर्वा बापूच. तिथे कल्पना मोठ्या झाल्या, सेट मोठे झाले, रंग आले, कारंजी आली, पण थांबवणारं कुणी दिसत नाही. 'नवरंग'मध्ये संध्या एकाच वेळी अर्धी पुरुष आणि अर्धी बाई होऊन नाचते. मावशीच्या मते ती कमाल आहे. आहेच. पण पडद्यावर हत्ती येतो, घागर येते, आणखी काय काय येतं, आणि मला वाटतं, यातलं एखादं कुणीतरी कापायला हवं होतं. 'झनक झनक पायल बाजे'मध्ये गोपीकृष्णांचे पाय बघावेत आणि बाकी डोळे मिटावेत. (मावशी हे वाचणार नाही अशी आशा.)

माझ्या या सिद्धांताला सणसणीत अपवाद म्हणजे 'दो आँखें बारह हाथ'. 1957 चा, 'राजकमल'चा, नट आणि दिग्दर्शक दोन्ही बापूच. सहा खुनी कैद्यांना उघड्या माळावर नेऊन शेती करायला लावणारा जेलर. औंध संस्थानात झालेल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून ते सुचलेलं, कथा गदिमांची. बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. बैलाशी झुंजण्याच्या दृश्यात बापूंच्या डोळ्यांना इजा झाली, दिसेनासं होण्याची वेळ आली, तरी गडी हटला नाही. मेहुणे म्हणाले, "आता सांगा, इथे कोण होतं थांबवायला?" मी म्हटलं, तो माळ. एवढा भकास, रुक्ष, दगडगोट्यांचा माळ पडद्यावर घेतल्यावर त्यात कारंजी बसवणार कुठे? उत्तर त्यांना पटलं नाही. मलाही अर्धंच पटलंय, म्हणून तो चौथा.

मधले नंबर भराभर उरकू. 'अमृतमंथन'मधला राजगुरूचा पडदाभर डोळा अजून अंगावर येतो, पण कथा त्या डोळ्याच्या तोडीची नाही. 'धर्मात्मा'चं नाव आधी 'महात्मा' होतं, सेन्सॉरने ते बदलायला लावलं. त्यात बालगंधर्व एकनाथ झालेत, आणि स्त्रीभूमिकांवर राज्य केलेल्या माणसाला पुरुषवेषात बघताना जीव रमत नाही. डॉक्टर सोलापूरचे, तेव्हा 'डॉ. कोटणीस'ला सोलापूरकरांनी मार्क द्यावेत. 'अमर भूपाळी' होनाजी बाळाचा, म्हणजे सगळी पेशवाई आमची, शनिवारवाडा आमचा, आणि सिनेमा काढला मुंबईत. 'घनश्याम सुंदरा'साठी दोन नंबर वर ढकलला.

'पिंजरा' मात्र कुठेच बसत नाही. लहानपणी तो मोठ्यांचा सिनेमा होता, गाणी ऐकू यायची आणि आम्हाला आतल्या खोलीत पाठवायचे. नंतर तो मला भडक वाटला आणि तळाशी गेला. अलीकडे पुन्हा पाहिला. गावाने पुतळा उभारावा असा मास्तर तमाशातल्या बाईपायी घसरतो, स्वतः मेल्याचा देखावा करतो आणि शेवटी स्वतःच्याच खुनासाठी फासावर जातो. ही कल्पना एकीकडे आणि भरजरी लावण्या दुसरीकडे, मधोमध डॉ. लागू. पुण्यात नाक-कान-घशाची प्रॅक्टिस केलेला माणूस. तोंडातून शब्द न काढता नुसत्या पडलेल्या खांद्यांनी तो मास्तर झालाय. समोर निळूभाऊ फुले, म्हणजे दोन्ही टोकांना पुणेच. रंग भडक आहेत, तुणतुणं जोरात आहे, बापू थांबलेले नाहीतच. तरी मी त्याला पाचवा नंबर दिला आणि सिद्धांत गुंडाळून खिशात ठेवला.

राहता राहिला तळ. 'सेहरा', 'गीत गाया पत्थरों ने', 'झंझार', सगळ्यांची नावं आली. भाचा हातात पेन घेऊन, "मामा, शेवटचा सांग, म्हणजे मी निघतो." मी म्हटलं, 'जल बिन मछली नृत्य बिन बिजली'. नाव उच्चारेपर्यंतच माणूस दमतो. यावर घरात प्रथमच एकमत झालं, मावशीसकट. भाच्याने ते लिहून खाली रेघ ओढली आणि विचारलं, "यातलं काहीच चांगलं नाही?" "मुकेशचं एक गाणं आहे, 'तारों में सजके'," मी म्हटलं. "रोज दाढी करताना मी तेच म्हणतो."

'माणूस'मधलं का नाही म्हणत, असं मावशीने विचारलं. त्याला चाल फार उंच आहे.