ढकला, पण वल्हं लांब ठेवून

जर्मनीत राहायला लागल्यापासून नियमांचा मला राग येईनासा झालाय. रविवारी भिंतीत ड्रिल चालवायचं नाही, तर नाही. पण शेजाऱ्याच्या दुपारच्या झोपेची एवढी काळजी घेणारी हीच माणसं संध्याकाळी क्लबात जाऊन एकमेकांना होडीसकट पाण्यात उलटं करतात आणि रेफरी शांतपणे बघत राहतो, हे अजून मला पुरतं पचलेलं नाही. खेळाचं नाव कनू पोलो. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने ओढून नेलं आणि आता मी तिच्याआधी जाऊन कपडे बदलून तयार असते.

वॉटर पोलोसारखाच चेंडू, फक्त खेळाडू पोहत नाहीत, कयाकमध्ये, म्हणजे एकट्याने बसायच्या अरुंद होडीत, बसलेले असतात. पाण्यात पाचविरुद्ध पाच, काठावर जास्तीत जास्त तीन बदली. मैदान 35 मीटर लांब, 23 मीटर रुंद. दहा-दहा मिनिटांचे दोन भाग. गोल दीड मीटर रुंद नि एक मीटर उंच, पण तो पाण्यापासून 2 मीटर वर टांगलेला असतो, त्यामुळे खाली बसलेल्या माणसाला तो वल्हं उभं धरूनच अडवावा लागतो. गोलकीपर कायमचा नेमलेला नसतो. त्या क्षणी गोलच्या बरोब्बर खाली जो असेल तो. चेंडू हाताशी आला की पाच सेकंदांत सोडायचा, आणि मांडीवर ठेवून वल्हवत सुटायचं नाही. पुढे जायचंय तर चेंडू पुढे फेका आणि त्याच्या मागे पळा.

बाकीचं खेळता खेळता कळतं. मुद्द्याचं बोलते.

चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्याला ढकलता येतं. एका हाताने, उघड्या तळव्याने, खांद्यावर, दंडावर किंवा पाठीवर. ताब्यात म्हणजे हातात, किंवा पाण्यावर हाताच्या अंतरात. ही होडी जास्तीत जास्त 3 मीटर लांब असते, चपळ आणि डुगडुगती. तिला उलटायला फार जोर लागत नाही. तुम्ही पास कुणाला द्यावा म्हणून मान वळवता, तेवढ्यात खांद्यावर एक तळवा टेकतो. अगदी सभ्यपणे, रांगेत पुढे सरका म्हणून सांगावं तसा. मग क्षितिज तिरपं होतं, हेल्मेटच्या जाळीतून पाणी आत शिरतं, आणि पाय वर अडकलेले असताना डोकं खाली लोंबकळत असतं. कमरेभोवती रबरी स्कर्ट घट्ट ताणून होडीच्या कडेला बसवलेला असतो, त्यामुळे आपोआप बाहेर पडायची सोय नाही. वल्हं पाण्यावर पसरायचं, कमरेला हिसका द्यायचा, आणि डोकं सगळ्यात शेवटी वर आणायचं. याला रोल म्हणतात. घाईने डोकं आधी काढलं की होडी पुन्हा तुम्हाला खाली नेते. वर येऊन डोळे पुसेपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो आणि तुम्हाला पाडणारी बाई तुमच्याकडे बघतसुद्धा नाही.

सुरुवातीला मला या न बघण्याचाच जास्त राग आला. आपल्या कबड्डीत पकड झाली की निदान गडी बाद होतो, हिशेब मिटतो. इथे कुणी बाद नाही, सॉरी नाही, काही नाही. वर या आणि खेळा.

आता गंमत बघा. याच खेळात समोरची खेळाडू चेंडूसाठी हात पुढे करत असेल आणि तुम्ही तिच्या हाताच्या टप्प्यात वल्हं घातलंत, तर ताबडतोब शिट्टी. वल्हं तिला लागायलाच हवं असं नाही. माणूस उलटा केला तर खेळ, वल्हं जवळ नेलं तर गुन्हा! मी यावरून ट्रेनरशी बराच वाद घातला. तो म्हणाला, "पाणी कुणाची बोटं मोडत नाही." एवढंच. वल्ह्याच्या पात्याची कड किती जाड हवी तेही ठरलेलं आहे, किमान 5 मिलिमीटर. होडीच्या दोन्ही टोकांना मऊ बंपर, अंगात जाड जॅकेट, हेल्मेटला जाळी. चेंडूजवळ होडीने होडीला धडक देता येते, पण बसलेल्या माणसाच्या बाजूला काटकोनात घुसवली तर नाही. आणि हात मारेपर्यंत तिने चेंडू सोडलेला असेल, तर तोच सभ्य तळवा फाउल ठरतो. मला हे सगळं मान्य आहे. मान्य करायला वेळ लागला, कारण रागात हातात असतं ते वल्हं.

एक सांगायलाच हवं. पहिल्या संध्याकाळी मला अगदी हळू, एकेक शब्द सुटा करत विचारलं गेलं, "तुला पोहता येतं का?" शेजारी उभ्या असलेल्या नवख्या जर्मन मुलाला हा प्रश्न कुणी विचारला नाही. मी लहानपणापासून पोहते आणि त्या मुलापेक्षा चांगली पोहते, हे त्याच संध्याकाळी सगळ्यांनी पाहिलं. आता ते मला रोलमध्ये मागे टाकतात ही गोष्ट वेगळी. त्यांना शाळेत असल्यापासून कयाक मिळालेली असते. मला तेव्हा मिळाली असती तर बोललो असतो.

भावाला व्हिडिओ पाठवला. त्याचा पहिला प्रश्न, "ऑलिम्पिकमध्ये आहे का?" नाही. पहिली जागतिक स्पर्धा 1994 मध्ये शेफिल्डला झाली, 2002 मध्ये ती इथे जर्मनीत एसेनला होती, आणि 2005 च्या डुइसबुर्गच्या स्पर्धेपासून वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या खेळांच्या जागतिक स्पर्धेत, हा खेळ आहे. "मग उपयोग काय?" आपल्याकडे खेळाला आधी उपयोग सिद्ध करावा लागतो, असं फणकाऱ्याने लिहून टाकलं. पण खरं सांगायचं तर माझ्या इमारतीतल्या जर्मन शेजाऱ्यांनाही कनू पोलो म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, आणि त्यांनीही जवळजवळ तेच विचारलं. ते मी भावाला कळवलेलं नाही.

सध्या सराव बंदिस्त तलावात चालतो, कोमट पाण्यात. उन्हाळ्याच्या तोंडावर सगळे उघड्या तळ्यावर जातात आणि तिथलं पाणी कसं "ताजंतवानं" असतं याची वर्णनं आत्तापासूनच सुरू झाली आहेत. तळ्यावर कोण कधीपासून येणार म्हणून ट्रेनरने नावं मागितली तेव्हा मी माझ्या नावापुढे जुलै लिहिलं.