एलके-९९ चा वाद आणि आलेखाचा उभा अक्ष

२०२३ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी अर्काइव्ह या खुल्या संग्रहावर दोन शोधनिबंध ठेवले आणि विज्ञानाच्या बातम्यांवर हिरिरीने वाद घालणाऱ्या मंडळींना पुढचे काही आठवडे दुसरा विषय सुचला नाही. शिसे, तांबे, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांपासून बनवलेला एलके-९९ नावाचा काळपट पदार्थ साध्या हवेच्या दाबाला आणि ४०० केल्व्हिनपर्यंत, म्हणजे उकळत्या पाण्याहून अधिक तापमानालाही, अतिसंवाहक राहतो, असा त्यांचा दावा होता. विजेच्या प्रवाहाला यत्किंचितही रोध न करण्याचा हा गुणधर्म नेदरलँड्समधील लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांना १९११ साली पाऱ्यात आढळला, तो ४.२ केल्व्हिन इतक्या थंडीत. त्यानंतर शतकभर धडपड होऊनही साध्या दाबाखालचा सर्वमान्य उच्चांक १३५ केल्व्हिनच्या, म्हणजे शून्याखाली सुमारे १३८ अंश सेल्सिअसच्या, आसपासच अडकलेला होता. या पार्श्वभूमीवर कोणी भट्टीत तयार होणाऱ्या खड्याबद्दल असे काही लिहिले, तर लोकांची झोप उडणे स्वाभाविकच होते.

मी तो वाद पहिल्या दिवसापासून वाचत होतो, आणि आमच्या महाविद्यालयीन मित्रांच्या गटातही त्याची एक छोटी आवृत्ती रंगली होती. सुरुवातीला दोनच पक्ष होते. एका पक्षाच्या मते इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतर कोणी जगासमोर उगाच खोटे बोलणार नाही. एलके-९९ या नावातील अक्षरे सुकबे ली आणि जी-हून किम या संशोधकांची आहेत आणि ९९ हा आकडा १९९९ या वर्षाचा आहे, ही माहितीही पुरावा असल्यासारखी दिली जाई. दुसऱ्या पक्षाच्या मते ज्या निबंधाचे तज्ज्ञांकडून परीक्षण झालेले नाही त्यावर चर्चा करणे म्हणजेच वेळेचा अपव्यय. या दोन्ही भूमिकांना निबंध उघडून पाहण्याची गरज भासत नव्हती, आणि मला वाटते त्यांची लोकप्रियता त्यातच होती.

परीक्षणाचा आग्रह धरणाऱ्यांची अडचण अशी की त्याच काळात समोर एक उलटे उदाहरण घडत होते. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे रंगा डायस यांच्या गटाने ऑक्टोबर २०२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात १५ अंश सेल्सिअसच्या अतिसंवाहकाचा दावा केला होता. तो निबंध सप्टेंबर २०२२ मध्ये मागे घेतला गेला. मार्च २०२३ मध्ये त्याच नियतकालिकात त्याच गटाचा ल्युटेशियमच्या संयुगाबद्दलचा दुसरा दावा प्रसिद्ध झाला, आणि तोही नोव्हेंबर २०२३ मध्ये मागे घ्यावा लागला. हे दोन्ही निबंध परीक्षणाच्या चाळणीतून गेलेले होते. परीक्षण निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. परंतु परीक्षक निबंध वाचतो, तो प्रयोग पुन्हा करून पाहत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी या मुद्द्यावरची निम्मी भांडणे टळतील.

दोन प्रकरणांमधला खरा फरक वेगळ्याच ठिकाणी होता. डायस यांच्या पहिल्या दाव्यासाठी दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना दाबून २६७ गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या सव्वीस लाखपट दाब निर्माण करावा लागत होता. असे प्रयोग करू शकणाऱ्या प्रयोगशाळा जगात मोजक्याच आहेत, आणि मूळ मोजमापे मिळवण्यासाठी टीकाकारांना बराच झगडा करावा लागला. कोरियन निबंधात मात्र चक्क पाककृती छापलेली होती. लेड ऑक्साइड आणि लेड सल्फेट ७२५ अंशांवर २४ तास तापवून लॅनार्काइट तयार करायचे, तांबे आणि फॉस्फरस ५५० अंशांवर ४८ तास तापवून कॉपर फॉस्फाइड मिळवायचे, आणि मग दोन्ही एकत्र कुटून निर्वात नळीत ९२५ अंशांवर भाजायचे. साहित्य साधे आणि भट्टी कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत असते. त्यामुळे बीजिंग, नानजिंग, दिल्ली अशा ठिकाणी लगोलग प्रयत्न सुरू झाले, आणि लॉस एंजेलिसमध्ये एका अभियंत्याने तर आपली भट्टी लोकांना थेट प्रक्षेपणातून दाखवली. वाद फलदायी ठरतो तो वाद घालणाऱ्यांच्या हुशारीमुळे कमी आणि दावा करणाऱ्याने स्वतःला किती तपासू दिले यामुळे जास्त, असे माझे मत या प्रकरणातून पक्के झाले. कोरियन संशोधकांची पुढे पुष्कळ थट्टा झाली, पण चूक सापडेल इतक्या तपशिलाने लिहिण्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

अर्थात दरम्यान बराच वेळ चित्रफितींवर गेला. चुंबकावर अर्धवट तरंगणारा एक खडा मूळ संशोधकांनी दाखवला होता, आणि १ ऑगस्टच्या सुमारास वुहानच्या हुआझोंग विद्यापीठातून तशीच एक चित्रफीत आली. ज्यांना चित्रफीत पुरेशी वाटली त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली नाही: खड्याची एक कड चुंबकाला टेकलेलीच होती. अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्र आपल्या अंतर्भागातून बाहेर ढकलतो आणि योग्य मांडणीत तो हवेत जागच्या जागी अडकून राहतो. परंतु साधा प्रतिचुंबकीय पदार्थही चुंबकापासून दूर सरकतो, आणि थोडेसे लोहचुंबकत्व, म्हणजे लोखंडासारखा चुंबकीय गुण, असलेला चपटा तुकडाही एका कडेवर उभा राहू शकतो. बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातील गटाने काही दिवसांतच नेमके हेच दाखवून दिले: त्यांचे तुकडेही अर्धे तरंगत होते आणि त्याचे कारण लोहचुंबकत्व हे होते.

सैद्धांतिक बाजूनेही असाच घोळ झाला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील शिनेड ग्रिफिन यांनी संगणकावर गणित करून दाखवले की शिशाच्या विशिष्ट जागी तांबे बसले तर इलेक्ट्रॉनांचे ऊर्जापट्टे सपाट होतात, आणि ही रचना अतिसंवाहकतेच्या दृष्टीने लक्ष वेधून घेणारी असते. निबंधाची बातमी देताना त्यांनी ‘आता आणखी बोलायला काही उरले नाही’ अशा थाटात माईक खाली टाकणाऱ्या ओबामांचे चलचित्र जोडले, आणि एका रात्रीत ‘अमेरिकेने दावा सिद्ध केला’ असा मजकूर फिरू लागला. आपल्या गणितातून अतिसंवाहकता सिद्ध होत नाही, असा खुलासा त्यांना स्वतःला करावा लागला. मूळ बातमी जितक्या लोकांनी पुढे पाठवली त्यांतल्या फारच थोड्यांनी हा खुलासा पुढे पाठवला, निदान आमच्या गटात तरी.

माझ्या मते ज्यांनी या वादात काही भर घातली, त्यांनी अगदी कंटाळवाणे प्रश्न विचारले. रोधाच्या आलेखाचा उभा अक्ष कोणत्या एककात आहे? रेषा शून्याला टेकलेली दिसते, पण उपकरणाची किमान मोजण्याची क्षमता किती? मोजपट्टी पुरेशी ढोबळ ठेवली तर स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या भांड्याचा रोधही शून्यच दिसेल. नानजिंगच्या साउथईस्ट विद्यापीठातून ११० केल्व्हिनला शून्य रोध मिळाल्याची बातमी आली तेव्हाही शून्य म्हणजे उपकरणाच्या मर्यादेखाली, एवढाच त्याचा अर्थ होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील वीर अवाना यांच्या गटाने आपल्या नमुन्यात अतिसंवाहकतेची चिन्हे नाहीत असे सुरुवातीलाच कळवले, पण ‘नाही’ असे सांगणारी बातमी कोणाच्या गळी उतरत नाही.

या प्रकरणाची गाठ सुटली ती एका आकड्यामुळे. मूळ निबंधात रोध एकाएकी कोसळतो ते तापमान १०४.८ अंश सेल्सिअसच्या आसपासचे होते. इलिनॉय विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांना (मुंबईच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थी, हे सांगण्याचा मोह आवरत नाही) हे तापमान ओळखीचे वाटले, कारण कॉपर सल्फाइडवर काम करताना ते त्यांच्या पाहण्यात आले होते. जवळपास १०४ अंशांना या संयुगाची अंतर्गत रचना बदलते आणि त्याखाली त्याचा रोध झपाट्याने उतरतो. मग पाककृती पुन्हा वाचली गेली. लॅनार्काइटमध्ये गंधक आहे आणि कॉपर फॉस्फाइडमध्ये तांबे आहे. समीकरणाचा हिशेब मांडला तर शुद्ध एलके-९९ च्या एका घटकामागे तांब्याचे १७ आणि गंधकाचे ५ अणू शिल्लक उरतात, आणि बंद नळीत ते एकमेकांशी संयोग पावल्याशिवाय राहत नाहीत. म्हणजे जो चमत्कार मोजला गेला तो अशुद्धीचा होता. बीजिंगच्या भौतिकी संस्थेतील जिआनलिन लुओ यांच्या गटाने कॉपर सल्फाइडचे प्रमाण कमीजास्त असलेले नमुने तपासून तेच दाखवले, आणि श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत पास्कल पुफाल यांनी गंधक टाळून एलके-९९ चे शुद्ध स्फटिक वाढवले, ते निघाले जांभळट, पारदर्शक आणि लक्षावधी ओहम रोधाचे. पदार्थ अतिसंवाहक तर नव्हताच, तो साधा वाहकही नव्हता. दोन तटस्थ परीक्षकांना हे सुचले असते का, हा प्रश्न उरतो. पण जगभरचे हजारो डोळे एका आकड्यावर खिळल्यामुळे ज्याला तो ओळखीचा होता त्याच्यापर्यंत तो पोहोचला, यात शंका नाही.

यापूर्वी असाच एक प्रसंग आपल्या देशात घडून गेला आहे. जुलै २०१८ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील देव कुमार थापा आणि अंशु पांडे यांनी सोन्यात बसवलेल्या चांदीच्या सूक्ष्म कणांमध्ये २३६ केल्व्हिनला, म्हणजे शून्याखाली ३७ अंशांना, अतिसंवाहकता दिसल्याचे अर्काइव्हवर मांडले. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एमआयटीतील ब्रायन स्किनर यांनी त्याच निबंधातील चुंबकीय मोजमापांचा आलेख मोठा करून पाहिला, तर वेगवेगळ्या क्षेत्रांत घेतलेल्या दोन मालिकांमधील बारीकसारीक चढउतार एकसारखे होते. मोजमापातले असे चढउतार यादृच्छिक असतात. दोन स्वतंत्र वेळी ते हुबेहूब जुळणे अवघड. स्किनर यांनी आरोप केला नाही, केवळ निरीक्षण नोंदवले आणि स्पष्टीकरण मागितले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रताप रायचौधुरी यांनी फेसबुकवर त्याची शांतपणे चर्चा केली, आणि त्यांना एका ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने आलेले एक पत्र त्या शास्त्रज्ञांनी लिहिलेलेच नव्हते असेही पुढे उघड झाले. मे २०१९ मध्ये अधिक सहलेखकांसह सुधारित निबंध आला. पण नमुने इतर प्रयोगशाळांच्या हाती सुरुवातीला न पडल्याने तो वाद एलके-९९ प्रमाणे आठवड्यांत मिटला नाही, आणि मला हाच त्यातला सर्वांत बोलका तपशील वाटतो.

डिसेंबर २०२३ मध्ये कोरियाच्या अतिसंवाहकता संस्थेच्या समितीनेही पुरावा नाही असा निष्कर्ष दिला. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्र संस्थेच्या मिनियापोलिस येथील अधिवेशनात मूळ सहलेखकांपैकी ह्युन-टाक किम यांनी पीसीपीओएसओएस नावाच्या नव्या पदार्थाबद्दल, गंधकासह, पुन्हा तोच दावा मांडला. या वेळी आमच्या गटात त्यावर मोजकेच संदेश आले, आणि त्यातला पहिला होता, ‘उभ्या अक्षाचे एकक काय आहे?’