पोलिसांनी थांबवलेली नांगरट आणि कोर्टाचा मनाई हुकूम: माझा अनुभव

सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्यासाठी नांगरट सुरू केली त्याच दिवशी बीट अंमलदार, म्हणजे आमच्या भागाचे पोलीस कर्मचारी, बांधावर आले आणि शेजारच्या गटवाल्याने अर्ज दिला आहे, काम बंद ठेवा, असे सांगून ट्रॅक्टरची चावी घेऊन गेले. जमीन वडिलोपार्जित, वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या आमची, वाद केवळ बांधाचा. लेखी आदेश मागितला तर ‘साहेबांना भेटा’ एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो तेव्हा ती चावी, माझ्या मुलाने बांधलेल्या लाल दोऱ्यासकट, अंमलदारांच्या टेबलावरच्या पेनांच्या डब्यात पडलेली दिसत होती. पंचनामा नव्हता, पावती नव्हती. दोघांनी आपसात मिटवा आणि चावी घेऊन जा, असे मला सांगण्यात आले.

बांध कुठून जातो हे ठरवण्याचा अधिकार पोलिसांना नाही. शांतताभंगाची भीती असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४५ खाली, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अहवाल पाठवायचा असतो, आणि तेथेही प्रत्यक्ष ताबा कोणाचा एवढेच पाहिले जाते, मालकी नव्हे. गुन्ह्याशी संबंधित वस्तू जप्त करण्यासाठी कलम १०६ आहे, पण त्या जप्तीची खबर ताबडतोब दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते. माझ्या चावीची खबर कोणालाच दिलेली नव्हती.

संविधानाच्या अनुच्छेद ३००-अ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही, त्यामुळे अनुच्छेद २२६ खाली थेट उच्च न्यायालयात जावे असे माझ्या मनात होते. वकिलांनी मात्र समजावले की बांधासारखा वस्तुस्थितीचा वाद असला की उच्च न्यायालय बहुधा दिवाणी कोर्टाची वाट दाखवते. म्हणून ताबा अबाधित ठेवण्यासाठी निरंतर मनाईचा दावा आणि त्यासोबत दाव्याचा निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या मनाईचा अर्ज (कोर्टात त्याला निशाणी ५ म्हणतात) करायचे ठरले. दावा पोलिसांच्या कृतीविरुद्ध, म्हणजे सरकार प्रतिवादी असल्याने तो दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात गेला. सातबारा, फेरफार, मोजणीची ‘क’ प्रत आणि ई-पीक पाहणीच्या नोंदी दोन दिवसांत गोळा झाल्या.

यापुढे जे अडले ते आठवले की अजूनही संताप होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे सरकारवर किंवा अधिकाऱ्याने पदाच्या नात्याने केलेल्या कृतीबद्दल दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. दोन महिने थांबलो असतो तर हरभऱ्याचा हंगाम निघून गेला असता. तातडीची निकड असेल तर कलम ८० (२) खाली नोटिशीवाचून दावा लावण्याची परवानगी मागता येते, ती आम्ही मागितली आणि मिळालीही. पण त्याच पोटकलमात अशी अट आहे की सरकारला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याखेरीज कोर्ट कोणताही हुकूम देऊ शकत नाही. खासगी प्रतिवादीविरुद्ध मिळतो तसा एकतर्फी मनाई हुकूम येथे मिळत नाही, हे मला कोर्टाच्या दारात उभा राहिल्यावर कळले.

पहिल्या तारखेला बेलिफाचा, म्हणजे कोर्टाची नोटीस पोहोचवणाऱ्या कर्मचाऱ्याचा, बजावणी अहवालच आला नव्हता. प्रोसेस भत्ता, म्हणजे नोटीस बजावण्याचे शुल्क, भरलेला असूनही नोटीस कोर्टाच्या नाझर विभागात, म्हणजे बजावणीचे काम पाहणाऱ्या विभागात, गठ्ठ्यात पडून होती, हे मी स्वतः आत जाऊन विचारले तेव्हा उघड झाले. भत्ता भरला म्हणजे बजावणी झाली असे कृपया कोणीही समजू नये. रोज जाऊन नोटीस कोणत्या बेलिफाकडे दिली ते विचारावे. दुसऱ्या तारखेला सरकारी वकिलांनी ठाण्याकडून माहिती आली नसल्याने मुदत मागितली, आणि मग दिवाळीची सुट्टी लागली. तेवढ्या दिवसांत अर्धे नांगरलेले रान तसेच उघडे पडून होते आणि भाड्याने ट्रॅक्टर देणाराही पोलिसांच्या भीतीने यायला तयार नव्हता. कोर्टाने अधिकाऱ्यांना संधी द्यावी हे मला मान्य आहे. पण ती संधी देण्याच्या काळापुरते तरी शेतकऱ्याचे काम सुरू राहील अशी सोय असायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

तिसऱ्या तारखेला सरकारतर्फे लेखी म्हणणे दाखल झाले, त्यात पोलिसांनी कधीही अडथळा केलेला नाही असे लिहिले होते. येथे एक गोष्ट कामी आली, जी खरे तर मी सुरुवातीलाच सांगायला हवी होती: चावी नेली त्याच संध्याकाळी मी ठाण्याला आणि पोलीस अधीक्षक कार्यालयाला चावीच्या उल्लेखासह लेखी अर्ज देऊन दोन्हीकडची पोच घेतली होती. कोर्टाने ती पोच पाहिली, चावी कोणत्या अधिकाराने ठेवली ते विचारले, आणि कायद्याच्या रीतसर मार्गाखेरीज वादीच्या ताब्यास अडथळा करू नये असा हुकूम केला. ‘कायद्याच्या रीतसर मार्गाखेरीज’ हे आमच्या मागणीतले शब्द महत्त्वाचे आहेत. पोलिसांना तपासच करू देऊ नका अशी मागणी केली असती तर ती टिकली नसती, कारण फौजदारी कारवाई सुरू करण्यास किंवा चालवण्यास मनाई देण्याला विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ४१ ची आडकाठी आहे. हुकूम मोडल्यास मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम २-अ मध्ये आहे, आणि ते ठाण्यात सर्वांना ठाऊक असते.

सर्टिफाईड नक्कल हाती पडताच मी ती ठाण्याच्या आवक विभागात देऊन शिक्का घेतला. अंमलदारांनी त्याच डब्यातून चावी काढली आणि ‘चावी स्वखुशीने ठेवली होती, ती परत मिळाली’ अशा मजकुराच्या कागदावर सही मागितली. मी ती दिली नाही. ‘कोर्टाच्या हुकुमानंतर आज चावी परत मिळाली’ असे माझ्या हाताने लिहून, तारीख-वेळ घालून सही केली, त्याची एक प्रत मागून घेतली आणि थेट रानात गेलो. हरभरा उशिरा, पण पेरला गेला.